काश्यपाच्या फांदीवरचं पान

दार उघडलं आणि तोच वास नाकात शिरला. गालिच्यात मुरलेली बिअर, केसांवर मारायचा स्प्रे, व्हॅनिलाची मेणबत्ती, आणि या सगळ्याच्या खाली कुणाच्या तरी आईने पाठवलेल्या लोणच्याचा बारीकसा तेलकट वास. गालिचा नक्कीच बदलला असेल, भिंतींना नवा रंगही दिसत होता, पण वासाला त्याचं काही नव्हतं. मी पदराचं टोक नाकाला लावलं आणि मग लोक बघतील म्हणून पुन्हा खाली सोडलं.

या घरात मी कॉलेजची वर्षं काढली. आता माझी मुलगी यशोधरा, आमची यशो, इथेच राहते आहे आणि त्या रविवारी दुपारी ती या घराची रीतसर ‘बहीण’ होणार होती. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलग्यांची अशी मंडळं असतात त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात आणि मुलींच्या मंडळांना सोरॉरिटी. नाव ग्रीक अक्षरांचं, घर एकत्र, शपथ गुप्त, आणि एकदा आत गेलात की जन्मभराचं बहीणपण. आमचं हे घर भारतीय मुलींचं. आई याच घरची असली की मुलीला सहज घेतात, तशी यशोलाही घेतली. मला ते आवडलेलं नव्हतं, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला कोण अडवणार?

मंगळवारी मी ऑफिसात असताना तिचा मेसेज आला. ‘मॉम, व्हॉट्स अवर गोत्र? दे नीड इट फॉर संडे.’ पुढे एक हसरा चेहरा. मी मीटिंग सोडून बाहेर आले, पार्किंग लॉटमधल्या थंडीत उभी राहून लिहिलं, ‘आपल्याला गोत्र नाही. फोन कर.’ फोन आला नाही. बुधवारी पुन्हा मेसेज आला. ‘नेव्हर माइंड! इट्स ऑन युअर लीफ. काश्यप! सो कूल.’ सोबत भिंतीवर रंगवलेल्या एका झाडाचा फोटो होता.

म्हणून मी आले होते. ट्रॉयच्या घरून निघताना माझी आई, जी आता आमच्याच घरी असते, दोन्ही हातांनी अ‍ॅल्युमिनियमचा मोठा ट्रे धरून गॅरेजपर्यंत आली. समारंभाच्या दिवशी आयांचं जेवण असतं हे तिला ठाऊक होतं. ट्रेमध्ये वडाभात होता.

“घेऊन जाय,” ती म्हणाली. “पोट्ट्या खातील.”

“आई, कशाला गं? मागच्या वेळी...”

“मागचं मागं राहिलं. घेऊन जाय म्हणते ना मी.”

मी ट्रे ट्रंकमध्ये ठेवला. इथे पोचल्यावर तो बाहेर काढायला हात धजेना. आधी आत जाऊन बघू म्हटलं.

*

गाडी लांब लावून मी ती पूर्ण गल्ली चालत आले होते. दोन्ही बाजूंना ती घरं. पांढऱ्या खांबांची, देवळासारखी ऐटीत उभी, कपाळावर ग्रीक अक्षरं. त्यातलं एकही अक्षर आत राहणाऱ्यांना धड वाचता येत नाही. आदल्या दिवशी फुटबॉलचा सामना झालेला. मुलग्यांच्या घरांपुढच्या गवतात लाल प्लॅस्टिकचे पेले लोळत होते, ओट्यावर पावसाने भिजून फुगलेला सोफा, त्यावर एक बूट. मेपलची पानं इतकी सुंदर लाल पडलेली, आणि त्यांच्यात कुणीतरी ओकून ठेवलेलं. माझ्या वेळीही रविवारची सकाळ अशीच दिसायची. आंबूस वास, कावळे, आणि कुठल्यातरी खिडकीतून येणारं रेकलेलं हसू. शेजारच्या घरात नव्या मुलांना लाकडी फळीने मारायची पद्धत होती. फट्ट असा आवाज यायचा, मग टाळ्या, मग पुन्हा फट्ट. आम्ही परीक्षेचा अभ्यास करताना खिडकी लावून घ्यायचो. ज्याला मारलं तो दुसऱ्या दिवशी तीच फळी, वर नाव कोरून घेतलेली, मिरवत आईबापांना दाखवायचा.

मी पाचवीपर्यंत नागपुरात होते. बाबांना डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअरची नोकरी लागली आणि आम्ही ट्रॉयला आलो. त्यामुळे कॉलेजात गेले तेव्हा मला सगळं यायचं, इंग्लिश यायचं, बर्फात गाडी यायची, पण ही घरं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. सगळ्या मुली जातात म्हणून मीही गेले. ऑगस्टच्या उन्हात मुलींचे थवे दारोदार फिरायचे. प्रत्येक घराचं दार धाडकन उघडायचं आणि चौकटीत एकीवर एक रचलेल्या पंचवीसतीस सोनेरी मुली टाळ्या वाजवत, पाय आपटत, किंचाळत गाणं म्हणायच्या. आपल्याला बघून कुणाला एवढा आनंद होऊ शकतो हे मला खरंच वाटलं होतं. आत गार लिंबू सरबत, गुडघ्याला गुडघा लावून गप्पा, “तुझं नाव किती सुंदर आहे” असं नाव न उच्चारता म्हणणं. संध्याकाळी दार बंद करून त्या आमच्यावर मतं टाकायच्या. कुणाचे दंड जाड, कुणाचे वडील काय करतात. दुसऱ्या दिवशी ज्या घरांनी नको म्हटलं ती घरं आपल्यापुरती नाहीशी व्हायची, बस्स. कुणी कारण सांगत नसे. आम्हां भारतीय मुलींसाठी एकेक करून सगळीच घरं नाहीशी झाली.

नंतर लायब्ररीत बसून मी या मंडळांचा इतिहास वाचला, तेव्हा समजलं की यात नवं काहीच नव्हतं. सुरुवातीपासून ही मंडळं कुणाला घ्यायचं यासाठी कमी आणि कुणाला घ्यायचं नाही यासाठीच जास्त होती. काळे नकोत, ज्यू नकोत, हे कित्येकांच्या घटनेतच लिहिलेलं असे. पुढे ते शब्द खोडले. मग ज्यांना दार बंद झालं त्यांनी आपापली घरं बांधली. काळ्या मुलींनी बांधलेल्या मंडळांनी तर मोठमोठी कामं केली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आमच्याआधी नाकारल्या गेलेल्या मोठ्या मुलींबरोबर आम्हीही आपलं घर काढलं, तेव्हा मला वाटलं होतं की आपणही तसंच काही करणार. किती भाबडी होते मी.

*

यात वाईट असं आहे की ते दिवस आठवले की आधी छानच आठवतं.

रविवारी सकाळी मागच्या पायऱ्यांवर आम्ही रांगेने बसायचो, प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत. खोबरेल तेल डब्यात थिजलेलं असायचं, ते रेडिएटरवर ठेवून पातळ करायचं. तेलुगू, गुजराती, पंजाबी, मराठी, सगळ्यांची डोकी त्या एकाच डब्यातून निघायची. बाथरूममध्ये शिकेकाई आणि महागडे शाम्पू शेजारी शेजारी. किचनच्या भिंतीवर पिवळट फोन, त्याची गुंडाळीची वायर इतकी ओढून लांबवलेली की आईशी बोलता बोलता थेट जिन्यापर्यंत जाता यायचं. बर्फ पडायला लागला की कुणीतरी कॅसेट लावायचं आणि आम्ही पायमोज्यांवर घसरत नाचायचो. ती कॅसेट, तो डबा, तो फोन, काहीच उरलेलं नाही. मला अजूनही थंडीत थिजलेलं तेल दिसलं की त्या पायऱ्या आठवतात. नंतर मात्र बाकीचंही आठवतं.

कारण तेल लावणाऱ्या त्याच मोठ्या मुली आम्हा नव्या मुलींना रांगेत, उंचीप्रमाणे, जमिनीकडे बघत कॉलेजभर चालायला लावायच्या. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे. पिशवीत मोठ्यांसाठी सेफ्टी पिना, च्युइंग गम, सॅनिटरी पॅड, सगळं तयार. कुणा मोठीला काही लागलं आणि आमच्याकडे नसलं की सगळ्यांनी कच्चा कांदा चावून खायचा आणि खाता खाता मंडळाची प्रार्थना म्हणायची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोर बसलेल्या मोठ्या मुली हसून लोळायच्या. याला त्या ‘बाँडिंग’ म्हणायच्या. गोऱ्या मुलींनी दारातून परत पाठवलं तेव्हा आमच्यासारख्याच रात्रभर रडलेल्या ह्याच. तिथून आणलं काय, तर हे. मला अजून सॅलडमधल्या कच्च्या कांद्याचा वास सहन होत नाही.

प्रत्येक नव्या मुलीला एक ‘बिग’ मिळायची, म्हणजे घरातली मानलेली मोठी बहीण. माझी बिग मेघना. पुण्याच्या आईबापांची, न्यू जर्सीत वाढलेली, उत्साह नुसता फसफसणारा. माझ्याशी ती मराठीत बोलायची म्हणून मी तिच्यावर जीव टाकायचे. घराला स्वतःचे विधी हवेत हे तिच्या डोक्यातून निघालं.

“गाईज, लिसन,” किचन टेबलावर मांडी घालून ती म्हणाली. “त्या लोकांचं सगळं ग्रीक आहे. आपण का ग्रीक व्हायचं, यार? आपल्याकडे गोत्र असतं! थाउजंड्स ऑफ इयर्सचं फॅमिली ट्री, म्हणजे रेडीमेड सिस्टरहुड. प्रत्येकीने आपलं नाव आणि गोत्र सांगून शपथ घ्यायची.”

सगळ्यांना ते फारच आवडलं. किंचाळ्या झाल्या. मग फोनपाशी रांग लागली, कारण गोत्र कुणालाच माहीत नव्हतं. “मम्मी, आपलं गोत्र काय?” वायर ओढत एकेक जण जिन्यापर्यंत जाऊन यायची आणि काहीतरी सापडल्यासारखी नाचत परत यायची. कौशिक! भारद्वाज! त्याच आठवड्यात कुणीतरी हॉलच्या भिंतीवर तपकिरी रंगाने झाड काढलं, फांद्यांवर सोनेरी अक्षरांत गोत्रं लिहिली, आणि प्रत्येकीच्या नावाचं हिरव्या कागदाचं पान कापलं.

मी मेघनाला म्हटलं, “आम्ही बुद्धिस्ट आहोत. आम्हाला गोत्र नसतं.”

“बुद्धिस्ट? सो कूल!” ती म्हणाली. “पण त्याच्या आधी?”

त्याच्या आधी. आमच्या आजोबांनी नागपूरच्या त्या मैदानावर, भर उन्हात, धुऊन पांढराशुभ्र केलेला सदरा घालून, लाखो लोकांच्या गर्दीत उभं राहून त्याच्या आधीचं सगळं मोठ्या आवाजात सोडून दिलं होतं. ते आम्हाला त्या उन्हाचं सांगायचे, गर्दीतल्या धुळीचं सांगायचे, आणि परत येताना चप्पल हरवली तरी पाय भाजले नाहीत असं सांगायचे. मी मेघनाला यातलं काय आणि कसं सांगणार? तोवर तिने आईला फोन लावला होता आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला होता.

“अय्या, तू मराठी का गं बाळा?” काकूंचा आवाज साखर पेरल्यासारखा. “कित्ती छान! कुठल्या तुम्ही?”

“नागपूरच्या.”

“हो का! आणि आडनाव?”

मी आडनाव सांगितलं. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मग काकू म्हणाल्या, “अच्छा. बरं बरं. मेघनाला दे हं जरा.”

मेघना बराच वेळ नुसतं ऐकत होती. “हं. हं. ओके, आई.” माझ्याकडे न बघता तिने फोन ठेवला आणि वळली तेव्हा पुन्हा तेच हसू चेहऱ्यावर होतं. “आई म्हणते, ज्यांना आपलं माहीत नसतं त्यांचं काश्यप. सो यू आर काश्यप. डन!”

मला माहीत नव्हतं असं नव्हतंच. मला पक्कं माहीत होतं.

समारंभ भर दुपारी होता. आम्ही खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेले, हातात पणत्या. तेल, तापलेली माती, आणि घामात मिसळलेला स्प्रे. इथे टाळ्या वाजवत नाहीत, चुटक्या वाजवतात, हीही त्या घरांतूनच उचललेली रीत. प्रत्येकीने नाव आणि गोत्र सांगितलं की अंधारात टकटक, टकटक चुटक्या. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं आणि थांबले. मी पुढे काही म्हणायच्या आत मेघना माझ्या खांद्यावरून खणखणीत आवाजात म्हणाली, “काश्यप!” चुटक्या वाजल्या. कुणीतरी माझं पान भिंतीवर चिकटवलं.

वसंतात आयांचं जेवण झालं. माझी आई ट्रॉयहून एकटी गाडी चालवत आली, वडाभाताचा ट्रे मूल बसवावं तसा शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवलेला. चार डाळींचे वडे तळून, कुस्करून, मोकळ्या भातावर हिंगाच्या फोडणीचं तेल. आदल्या दिवसापासून ती खपत होती. टेबलावर पुलाव, छोले, ढोकळा असं सगळं मांडलं होतं, त्यात आईचा ट्रे. काकू न्यू जर्सीहून आल्या होत्या, बघताच ओळखीचं हसल्या. ट्रेपाशी आल्या, फॉइलचं झाकण उचललं, “मस्त वास आहे हो,” म्हणाल्या, आणि झाकण अगदी हलक्या हाताने परत होतं तसं बसवलं. मग पुढच्या भांड्याकडे गेल्या. त्यांच्या मागच्या बायकांना तो पदार्थच ठाऊक नव्हता, आणि जिला ठाऊक तिनेच झाकण लावलेलं बघून त्याही पुढे सरकल्या. आई खुर्चीत ताट मांडीवर घेऊन बसली होती. ती सगळ्यांशी हसून बोलत होती आणि तिची नजर वरचेवर त्या झाकणाकडे जात होती.

शनिवार-रविवारसाठी मी तिच्याबरोबर घरी निघाले. गाडीत हिंगाचा वास कोंडला होता. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “काही झालं नाही. सगळ्यांची पोटं भरून होती.” आठवडाभर आईबाबा तो भात गरम करून खात राहिले. बाबांनीही कशाला उरला असं विचारलं नाही.

*

“ओ माय गॉड, आंटी! यू आर हिअर!”

पांढऱ्या साडीखाली स्नीकर्स घातलेली एक मुलगी धावत आली आणि मला तिने मिठी मारली. रिया, घराची आताची अध्यक्ष, यशोची रूममेट. “यू आर लाइक, लिटरली आमच्या रूट्स! कम, कम, युअर लीफ इज स्टिल हिअर.”

झाड अजून होतं. रंग पुन्हा दिलेला, फांद्या वाढवत वाढवत थेट छतापर्यंत नेलेल्या. काश्यपाची फांदी सगळ्यांत भरगच्च. ज्यांच्या आयांनी फोन उचलला नसेल त्या सगळ्या तिथेच गेलेल्या. त्या गर्दीत माझं पान, उन्हाने पिवळट पडलेलं, कडा वळलेल्या. त्याच्या खाली रियाने नवीन पानासाठी टेपचा तुकडा आधीच लावून ठेवला होता. मला इतकी किळस आली की मी भिंतीपासून दोन पावलं मागे सरकले. झाडाची नव्हे, त्या टेपच्या तुकड्याची. तो माझ्या पोरीची वाट बघत होता.

मी यशोला बाहेर ओट्यावर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. आजोबांचं तिला ठाऊक होतं, आमच्या बेसमेंटमध्ये दर महिन्याला बुद्धवंदना होते, तिथे तिने ते लहानपणापासून ऐकलंय. काकूंचा फोन तिला ठाऊक नव्हता. मेघनाने माझ्या वतीने काय म्हटलं ते ठाऊक नव्हतं, आणि ट्रेचं तर नाहीच. मी भराभर सांगत होते. तीही पांढऱ्या कपड्यांत होती आणि थंडीने तिचे दंड शहारले होते.

“मॉम,” ती शेवटी म्हणाली, “दॅट वॉज लाइक, फॉरेव्हर अगो. दे आर नॉट लाइक दॅट. रिया इज माय बेस्ट फ्रेंड.”

“मग काश्यप म्हणशील?”

“इट्स जस्ट अ वर्ड!” तिचे डोळे भरून आले. “आय रिअली वॉन्ट धिस. कॅन यू नॉट रूइन इट?”

आतून हाका आल्या आणि ती निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता ते पान लागणार, त्याच्या खाली उद्या तिच्या मुलीचं लागणार, आणि आजोबा ज्यातून पायी चालत बाहेर पडले त्यात आम्ही नाचत, चुटक्या वाजवत परत जाणार. जेवण समारंभानंतर ठेवलं होतं, म्हणजे ट्रे अजून ट्रंकमध्येच होता. गाडीत बसून सरळ निघून जावं असं वाटलं. पण जुन्या बहिणींना आत बसता येतं, म्हणून मी आत जाऊन बसले.

खिडक्यांना आता जाड काळे पडदे आहेत. पणत्यांऐवजी बॅटरीचे दिवे, आगीच्या नियमांमुळे. बाकी सगळं तसंच. रिया प्रत्येकीपुढे जायची, ती मुलगी नाव सांगायची, गोत्र सांगायची, अंधारात चुटक्या. वसिष्ठ, टकटक. भारद्वाज, टकटक. यशोच्या मागे रियाच उभी राहिली, तिची बिग म्हणून.

“माय नेम इज यशोधरा,” यशो म्हणाली आणि थांबली.

रिया पुढे वाकली. तिचं तोंड उघडलेलं मला त्या प्लॅस्टिकच्या उजेडात दिसलं. पण यशोने हात मागे करून तिला थांबवलं.

“वी डोन्ट हॅव वन,” ती म्हणाली. आवाज कापत होता. “आम्हाला गोत्र नाही. वी लेफ्ट. माय मॉम्स ग्रँडफादर लेफ्ट, ऑन पर्पज. सो आय कान्ट से इट.”

एकही चुटकी वाजली नाही. मग रिया सावरली. तिने यशोला मागून घट्ट मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ओ माय गॉड, बेब, दॅट्स टोटली ओके! वी आर सुपर इन्क्लुसिव. वी कॅन मेक यू अ सेपरेट ब्रँच!” तिने भिंतीकडे बोट केलं. “देअर्स सो मच रूम अ‍ॅट द बॉटम.”

आणि मग चुटक्या वाजल्या. सगळीकडून, मनापासून, टकटक, टकटक. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं त्यांना ते सुंदर वाटलं होतं. रियाच्या मनात काही वाईट नव्हतं. मेघनाच्याही नव्हतं. तो गोडवा बघून मला जे झालं त्याला किळस हा शब्दही पुरत नाही.

यशोने तो बॅटरीचा दिवा गालिच्यावर ठेवला. नीट, आडवा पडणार नाही असा. मग ती माझ्यापाशी आली आणि लहानपणी गर्दीत धरायची तसं माझं मनगट धरलं. “लेट्स गो, आई.”

जाताना मी हॉलमध्ये थांबले आणि भिंतीवरून माझं पान ओढलं. टेप इतकी वाळली होती की ते कडकन तुटून हातात आलं, टोक भिंतीवरच राहिलं.

“आंटी, यू कान्ट...” रिया मागून म्हणाली.

“माझंच आहे,” मी म्हटलं.

*

यशो अर्धा रस्ता रडली. मी खिडक्या उघडल्या. बाहेर बोचरी हवा होती, पण दोघींच्या केसांना त्या घराचा वास लागला होता. ‘आय रिअली वॉन्टेड इट,’ ती दोनदा म्हणाली. मला माहीत होतं. मलाही हवं होतं. उद्या त्याच खोलीत जाऊन तिला आपलं सामान आणायचं होतं आणि रियाच्या तोंडाकडे बघायचं होतं, ते काही सोपं जाणार नव्हतं. मला तिचा अभिमान वाटत होता. मधे कुठेतरी तिने नाक ओढून विचारलं, “कारमध्ये कसला स्मेल येतोय? हिंग?”

आई गॅरेजच्या दारात उभी होती. आम्ही इतक्या लवकर का आलो हे तिने विचारलं नाही. तिने यशोचे सुजलेले डोळे पाहिले, मग मी ट्रंक उघडली तशी ती पुढे आली आणि तिची नजर ट्रेवर गेली. फॉइल चारही बाजूंनी होतं तसं घट्ट. तिचा चेहरा त्या दिवशी खुर्चीत बसली होती तसाच झाला. हसू तसंच, फक्त त्याच्या मागचं सगळं विझलेलं.

“भरूनच आणला?” ती म्हणाली. “जाऊ दे. पोटं भरली असतील त्यांची.”

यशोने वाकून ट्रे उचलला. जड होता, तिने तो छातीशी धरला.

“नाही, आज्जी,” ती म्हणाली. “वी डिडन्ट गिव्ह देम एनी.”

आईला पहिल्यांदा समजलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

“त्यांना दिलाच नाही,” मी म्हटलं.

आईने यशोच्या हातातून ट्रेची एक बाजू धरली आणि दोघी तो आडवा तोलत किचनमध्ये गेल्या. मी चपला काढून आत पोचले तोवर आईने फॉइल फाडून बाजूला टाकलं होतं आणि ती कपाटात हिंगाची डबी शोधत होती. भात गार झालाय, म्हणाली, वरून ताजी फोडणी पाहिजे.